दिनेशच्या नावावरचा डबल बेड

रोह्याला घेतलेल्या डबल बेडचे हप्ते तीन महिने का थकवलेत, असं पेणच्या बँकेतल्या धनेश साहेबांनी विचारलं, तेव्हा दिनेशला आधी वाटलं की साहेब दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. त्याने मागे वळूनही पाहिलं. मागे फक्त पाण्याचा कूलर होता. दिनेश हा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा माणूस. कारखान्याच्याच माळ्यावर, रंगाच्या डब्यांना खेटून एक खाट होती, तिच्यावर तो झोपायचा. तीही मालकाची. डबल बेड त्याने आजवर फक्त दुकानाच्या काचेतून पाहिला होता.

तो बँकेत आला होता घरकर्जासाठी, आणि घराचं कारण रोह्याला राहत होतं. अनिता, त्याची लग्नाची बायको. तीन वर्षांपूर्वी माळ्यावरच्या उंदरांनी तिचा शालू कुरतडला, त्या दिवशी ती बॅग भरून माहेरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. स्वतःच्या दोन खोल्या घ्या मग बोलवा, एवढंच म्हणाली. तेव्हापासून हा गडी चहासुद्धा अर्धा पीत होता. परवाच वडखळच्या रस्त्याला दोन खोल्या पसंत केल्या होत्या, आणि आता हा बेड आडवा आला.

धनेश साहेब भला माणूस. त्यांनी दिनेशचा क्रेडिट रिपोर्ट काढून दाखवला, कर्ज देणाऱ्या कंपनीला फोनही लावला. कर्ज दिनेशच्याच आधार आणि पॅनवर होतं, बेड फेब्रुवारीत गेला होता, पत्ता होता रोह्यातल्या अष्टमी गावठाणातला. कुणीतरी तुमच्या नावाने कर्ज काढलंय, पोलिसात जा, ही नोंद निघाल्याशिवाय घरकर्ज विसरा, असं त्यांनी समजावलं.

दिनेशने 'रोहा' एवढंच ऐकलं. रोह्यात त्याचे कागद कुणाला माहीत? एकाच माणसाला. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा चक्क लाजला.

"तक्रार नको, साहेब," तो म्हणाला.

"अहो, तुमच्या नावाची चोरी झालीय."

"घरच्याच माणसानं केली असंल, तर चोरी कसली?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी दिनेश इस्त्रीचा शर्ट घालून रोह्याच्या गाडीत बसला. कासू येईपर्यंत स्वारी खुशीत होती. बायकोला बेड हवा होता आणि तिने नवऱ्याचं नाव लावलं, म्हणजे नाव अजून टाकलेलं नाही. नागोठण्याला मात्र डोक्यात भलतंच शिरलं. एकट्या बाईला डबल बेड कशाला? आणि अष्टमीला तर तिचं माहेर नाही! रोहा येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटला होता.

अनिता रोह्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान चालवत होती. सात-बारा, शाळेचे दाखले, पेन्शन, सगळ्या गावाचे कागद तिच्या हाताखालून जायचे. दिनेशने गाडीत घोकलेलं सगळं विसरून एकदम सांगून टाकलं, की बेड घेतलास ते बरं केलंस, हप्ते मी भरीन.

"कसला बेड?" अनिताने विचारलं.

त्याने सांगितलं.

"म्हणजे मी चोर."

"नाय गो. मला वाटलं, तू अजून माझं नाव वापरतेस."

अनिता कॉम्प्युटरकडे वळली. समोरच्या फॉर्ममध्ये एका आजोबांची जन्मतारीख तिने दोनदा चुकीची टाकली. मग आजोबांना अर्ध्या तासाने या म्हणून सांगितलं, दुकानाला कुलूप लावलं आणि दिनेशला घेऊन अष्टमी गाठली.

पत्त्यावरच्या घरात बेड बाहेरच्या खोलीतच होता. आतल्या दारातून तो जात नव्हता, त्यामुळे आल्यागेल्याला बसायला तोच. दार उघडणारी दिशा नवी नवरी होती. तिने दोघांना कौतुकाने बेडवर बसवलं, पाणी दिलं. दिनेश स्वतःच्या नावावरच्या बेडवर अंग चोरून बसला. तेवढ्यात तिचा नवरा आदेश आला. फर्निचरच्या दुकानात कर्जाची प्रकरणं करणारा पोरगा. दिनेशचा चेहरा त्याने आधारच्या झेरॉक्सवर पाहिलेला असणार, कारण तो दारातच थबकला आणि घामाघूम झाला.

त्याने सगळं कबूल केलं. लग्न ठरलं होतं, बेडशिवाय पोरगी द्यायला सासरे तयार नव्हते, आणि त्याचं स्वतःचं नाव जुन्या मोबाइलच्या हप्त्यांनी खराब झालं होतं. फोन नंबर त्याने आपला टाकला, बाकी सगळे कागद दिनेशचे.

"पण कागद कुठून मिळाले?" अनिताने विचारलं.

"गणपतीतून," आदेश म्हणाला. "पेणवरून मूर्ती आणली. सोंडेखाली कागद कोंबलेला होता, सहीसकट. मला वाटलं, बाप्पानंच दिला."

आता अनिता सावकाश दिनेशकडे वळली. गेल्या वर्षी त्याने कशासाठी तरी आधार-पॅनच्या झेरॉक्स काढल्या होत्या. किती, तर बारा. लागल्या दोन. पुन्हा पुन्हा कोण सह्या करणार, म्हणून बाराही कागदांवर एकदमच करून ठेवल्या होत्या. कागद वाया कशाला घालवायचे, म्हणून उरलेल्या दहा त्याने पॅकिंगच्या रद्दीत टाकल्या आणि हंगामाच्या घाईत त्या कुठल्या कुठल्या गणपतीच्या हाताखाली, सोंडेखाली गेल्या.

"कशासाठी देताय, ते झेरॉक्सवर लिहायचं असतं," अनिता म्हणाली.

"कुणाला देणार तेच म्हायत नव्हतं, तर लिवू काय?"

पोलिसात तक्रार झाली. आदेशच्या सासऱ्याने डोकं धरलं, दुकानाने आदेशला काढलं, आणि बेड कंपनीने परत नेला. दिनेशला नवरीचं वाईट वाटलं, तक्रार मागे घेऊ का म्हणाला, तेव्हा अनिताने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, कंपनीला पत्र, पुन्हा अर्ज. दर शनिवारी दिनेश रोह्याला जायचा, अनिता फॉर्म भरायची आणि मध्ये एक चहा व्हायचा. आता तो पुरा कप प्यायचा.

नोंद निघावी म्हणून धडपडणारा हा माणूस, नोंद इतक्यात निघू नये म्हणूनही मनात देवाला सांगायला लागला. एका शनिवारी तर त्याने पॅन कार्ड मुद्दाम माळ्यावर ठेवलं. आता पुढच्या आठवड्यात परत यायला लागणार, असं तोंड पाडून म्हणाला. अनिताने मान वर न करता त्याचा नंबर टाइप केला. दहाच्या दहा अक्षरं, न अडखळता. हा नंबर दिनेशला स्वतःलाही पाठ नव्हता.

सहाव्या आठवड्यात रिपोर्ट साफ झाला. धनेश साहेब म्हणाले, साफ म्हणजे इतका साफ की त्यात काहीच उरलं नाही. दिनेशने जन्मात कधी कर्ज घेतलेलं नाही, मग तो फेडतो की बुडवतो हे बँकेला कळावं कसं? तेव्हा वेळेवर हप्ते भरलेला सहकर्जदार आणा. बायको असेल तर उत्तमच. अनिताने प्रिंटरसाठी घेतलेलं कर्ज एकही दिवस न चुकवता फेडलं होतं.

शनिवारी दिनेशने तो फॉर्म तिच्यासमोर ठेवला आणि दुकानाबाहेरच्या रिक्षा मोजत उभा राहिला. अनिताने पेन उचललं. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात पत्नी लिहिलं. खाली घराचा पत्ता आला, वडखळचा रस्ता, पेण, आणि तिथे तिचं पेन थांबलं.

"तीन वर्षं तुम्ही मला पेणला बोलवताय," ती म्हणाली. "मी रोह्याला येऊ का, असं एकदा तरी विचारलंत?"

"माझं काम पेणला हाय ना."

"माझं हितं हाय. गाडी तासाभराची. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं."

सहा शनिवार दिनेश त्याच गाडीने आला-गेला होता. हजारो गणपतींना डोळे दिले त्याने, पण एवढं त्याला दिसलं नव्हतं.

"दिवाळीला मी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या," अनिता म्हणाली. "म्हटलं, विचारतील."

"मग बोललीस का नाय?"

"तुम्ही माझ्यासाठी घर घेत होता. मोडता कसा घालू?"

दिनेशने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि फॉर्मवरचा पेणचा पत्ता खोडला. खोडताना कागद थोडा फाटला.

"येऊ का गो रोह्याला?"

"त्या खोल्या जूनमध्ये गेल्या," ती म्हणाली आणि शटर ओढायला उठली. "चला, आता दुसऱ्या बघायला लागतील."