भिंतीवरचे आबा

भास्करनानांच्या घरी गेलं की आधी साबणाने हात धुवावे लागत. मग नाना आमचे हात उलटसुलट करून बघत, ओलसर वाटले तर पंचा पुढे करत, आणि मगच एखादा बॉक्सर अलगद तळहातावर ठेवत.

बॉक्सर म्हणजे बॉक्सरचं चित्र. जुन्या काळी विलायती सिगारेटच्या पाकिटांतून पत्त्याहूनही लहान अशी कार्डं निघत. त्यावर एकेक मुष्टियोद्धा, उघडाबंब, तोकड्या चड्डीतला, मुठी आवळून उभा. ऐंशीच्या दशकातलं जळगाव केळीच्या भावात आणि सोन्याच्या भावात गुंतलेलं होतं. आमचे शेजारी भास्करनाना या कार्डांत गुंतलेले होते.

खुद्द नानांनी जन्मात कुणाला चापट मारलेली नव्हती. ते एका जिनिंग फॅक्टरीत स्टोअरकीपर होते आणि अंगाने इतके किडकिडीत, की वाऱ्याच्या दिवशी ते सायकल नेताहेत की सायकल त्यांना नेतेय हे सांगणं अवघड जाई. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी भांडायला बायको, म्हणजे आमच्या अक्काच पुढे होत. नाना दाराआडून हळूच सांगत, "डावीकडून घे, डावीकडून!"

कार्डं भुसावळहून येत. तिथल्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून परदेशी चालली होती आणि जाताना घरातलं सामान विकत होती. लोक पलंग, कपाटं, आरसे बघायला जात. नाना पलंगाला वळसा घालून थेट घरमालकाला गाठत आणि म्हणत, "सिगारेटची जुनी कार्डं आहेत का हो?" एकदा त्यांनी बॉक्सिंगचा हातमोजा आणला, तोही एकच. अक्कांनी विचारलं, "एकाचं काय करायचं?" नाना म्हणाले, "दुसरा मिळेस्तोवर सांभाळायचा." अक्कांनी तो चुलीवरून पातेलं उतरवायला घेतला, त्या दिवशी नाना न जेवता कामावर गेले.

कार्डाच्या मागे बॉक्सरचं इंग्रजी नाव छापलेलं असे. नानांना ते वाचता येई, पण त्यात आपुलकी वाटत नसे. त्यांनी घरगुती पद्धत काढली होती. मिशाळ, वयस्कर बॉक्सर ते आबा, मधल्या वयाचे नाना आणि कोवळे ते भाऊ. कुणालाही अरे-तुरे केलेलं चालत नसे. "आबांना कडेने धर. पोटावर बोट ठेवू नकोस," असं ते मला कितीदा तरी दटावत. पावसाळा संपला की दमट झालेली ही सगळी मंडळी गच्चीवर गोधडीवर उन्हं खात पडत आणि नाना काठी घेऊन कावळे हाकत बसत. माणूस वेडा आहे याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. माझंही नव्हतं.

त्यातले निवडक आबा त्यांनी फोटोग्राफरकडून मोठे करून घेतले होते आणि काळ्या चौकटीत मढवून बैठकीच्या भिंतीवर ओळीने लावले होते.

नानांची एकुलती एक मुलगी मंदा. तिला धरणगावचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा मंदाने मैत्रिणीच्या लग्नात पाहिलेला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. तसं तिने अक्कांना सांगितलंही होतं. त्यामुळे बघायला पाहुणे येणार त्या सकाळी अक्का नवऱ्याला म्हणाल्या, "आजच्या दिवस तरी हे उघडेनागडे खाली उतरवा."

"पाहुणे येणार म्हणून घरच्यांना बाहेर काढतात का?" नाना म्हणाले, आणि फडकं घेऊन काचा पुसू लागले.

शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. मुलगा, त्याचे मामा आणि आजोबा आले. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बसण्याआधी भिंतीकडे जाऊन फोटोंना हात जोडले. एकालाही वगळलं नाही.

"हाई कोन शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"हे आबा," नाना सवयीने बोलून गेले.

"आनि हाई?"

"हे पण आबाच. त्यांच्यापेक्षा थोरले."

आजोबांनी फोटोला नाक लावून पाहिलं. उघडी छाती दिसली, दंड दिसले. भिंतीवर सगळेच पैलवान, म्हणून त्यांचा चेहरा उजळला. "बठ्ठा पैलवान शेतस! घरानं नामी शे, नामी शे!"

हसू लपवायला मी पोह्यांच्या बशीत डोकं घातलं. मंदा चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती. तिच्यामागून अक्का नानांना डोळ्यांनी विनवत होत्या, गप्प राहा, फक्त गप्प राहा. नाना गप्प राहिले असते तर लग्न तिथेच ठरलं असतं.

नाना उठले. शहरी मराठी सोडून ते गावच्या अहिराणीवर आले. "बाबा, ह्या मना कोनीच नही. ह्या बठ्ठा बॉक्सर शेतस, साता समुद्रापारना."

मुलाच्या मामांना हसू आवरेना. "मग भिंतीवर कशाला लावलेत?"

नानांनी मग भिंतीवरची एक चौकट काढून हातात घेतली.

"मी पोटात होतो तेव्हाच बाप गेला. त्याचा फोटो कुणी काढलेला नाही. आई सांगायची, बैलाचं शिंग लागून तुझ्या बापाचं नाक असं डावीकडे वाकलं होतं. एकदा भुसावळला ह्यांचं कार्ड दिसलं. नाक बघा. घेऊन आलो, भिंतीवर लावलं. मग ते एकटेच दिसायला लागले, म्हणून बाकीचे आणले."

इतकी वर्षं मी त्या भिंतीखाली बसून चहा प्यायलो होतो आणि मनातल्या मनात हसलो होतो. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मामाही हसायचे थांबले.

आजोबांनी चौकट मागून घेतली. उपरण्याने काच पुसली आणि ती डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ ते वाकडं नाक बघत राहिले.

"मना बापना बी फोटो नही," ते म्हणाले. मग दाराकडे वळून अक्कांना म्हणाले, "माय, जराशी कुंकू लई ये."

अक्कांनी करंडा आणला. म्हाताऱ्याने बोटाने त्या परक्या बॉक्सरच्या कपाळावर टिळा लावला, त्याला भिंतीशी टेकवून ठेवलं आणि टोपी काढून तो त्याच्यासमोर उभा राहिला.

"आबा, पोर आमले देशात ना?"

पोर आम्हाला द्याल ना, असं म्हातारा नानांच्या बापालाच विचारत होता. बापाच्या वतीने नानांनीच हो म्हटलं, आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखे रडले.