अस्लमभाईंच्या लाल खुणा

"खांब गावचं रान? डोळं झाकून फिरतो मी!" असं अस्लमभाई भावी जावयाला, नावेदला, म्हणाले खरे, पण अकरा वर्षं कुवेतमध्ये काढल्यावर वाट सापडेल का, याची त्यांनाच धाकधूक होती. म्हणून सकाळी त्याला रान दाखवायला निघताना त्यांनी दोरीवरचा एक लाल कपडा गुपचूप खिशात कोंबला. दुपारी नावेदची माणसं लेकीच्या, सिदराच्या लग्नाची तारीख ठरवायला येणार होती. बायकोनं, बिल्किसनं दम भरला होता, "बारापर्यंत घरात नाय दिसलात, तर तारीख मीच ठरवीन. तुमच्या कुवेतला परत जाण्याची!"

पाऊस नुकताच सरला होता. गवत डोक्याच्या वर गेलेलं, आणि अस्लमभाई तर पोरासारखे उड्या मारत होते. "ह्यो बघ आंबा! हितूनच पडलेलो मी!" नावेद जरा पुढे गेला, की ते मागे राहून कपड्याची चिंधी फाडत आणि खूण म्हणून फांदीला बांधत. झऱ्याचं पाणी पिऊन परत वळले, तर एकही चिंधी जागेवर नाही.

"चाचा, मघाशी हाच दगड होता ना?"

"रानात दगड असतातच रे!"

साडेअकराला तोच दगड तिसऱ्यांदा भेटला. अस्लमभाईंना घाम फुटला.

तेवढ्यात गवतातून वाडीवरची ठमी आली. डोक्यावर लाकडांची मोळी, आणि मोळीला एकमेकींना गाठी मारून आवळलेल्या लाल चिंध्या.

"झाडाझाडाला कोनी बांधून ठेवल्या व्हत्या," ती खुशीत म्हणाली. "आज मोळीला वेल शोधायची कटकट नाय."

"मोळी कुठं नेतेस?"

"तुमच्याकडंच. बिर्याणीला लाकडं भाभीनं सांगितलीत."

अस्लमभाईंनी हळूच एक चिंधी ओढली, तर मोळीच सुटायला लागली. ठमीनं हातावर फटका दिला. मग वरात निघाली: इज्जत राखायला अस्लमभाई पुढे, आणि मागून ठमी, "डावीकडं, भाई. तुमची नाय, माझी डावी! तोंड पुढं करा, मंग दोन्ही एकच हायत!"

बाराला पाच कमी असताना मोळी अंगणात पडली. बिल्किस बघतच राहिली.

"ही तर माझी ओढणी! आज घालायची म्हणून वाळत टाकलेली! रानात नेली कोणी?"

अस्लमभाई स्वतःच्या चपलांकडे बघू लागले.

"मी, चाची," नावेद म्हणाला. "मला रस्ता ठाऊक नव्हता, भीती वाटली, म्हणून बांधत गेलो. चाचा तर डोळे झाकून चालत होते."

अस्लमभाईंना भरून आलं. पाहुणे दारात चपला काढतायत तोच ते ओरडले, "तारीख पुढच्याच जुम्म्याची धरा!"

बिल्किस त्यांच्या कानाशी वाकली. "पोरगा खोटं छान बोलतो," ती म्हणाली. "आपल्या घरात टिकेल."