आतिका खालांना आणायला

"आतिका खालांना झल्लाकहून घ्यायचं आणि सरळ जनाबियाला यायचं. दहाच्या आत. मध्ये कुठं थांबायचं नाही," ग्लेनिसनं नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं.

"मी काय बाळ हाय?" लेस्ली म्हणाला.

ग्लेनिस आखातातल्या जनाबिया गावच्या सरकारी दवाखान्यात मिडवाइफ. बाळंतिणींना घरी जाऊन तपासायला दोन जागा द्या, हा तिचा अर्ज वर्षभर पडून होता. आज मोठे साहेब येणार होते, पण साडेदहापर्यंतच. सरकारी सुईणींच्या पहिल्या तुकडीतल्या खाला बोलल्या, तर सही होईल अशी तिला आशा होती.

ऐंशी ओलांडलेल्या खाला गाडीत बसल्या आणि दोन मिनिटांत मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेटा, रोको. इस घर में मेरे हाथ से जुड़वाँ हुए. सलाम करके आती."

घरच्यांनी लेस्लीलाही आत नेलं. गहवा आला, बिनदुधाची कडू अरबी कॉफी. नको असेल तर पेला हलवून परत द्यायचा, हे वसईहून दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या लेस्लीला ठाऊक नव्हतं. भरला की तो पीत राहिला.

अशी चार घरं झाली.

"पहले ये लोग दरवाजा नहीं खोलते थे," खाला सांगत होत्या. "बोलते, पढ़ी हुई लड़की क्या बच्चा निकालेगी? मैं बाहर बैठती. खोलने तक."

उशीर भरून काढायला लेस्लीनं गाडी दामटली आणि पोलिसानं अडवली. सतरा पेल्यांनंतर लायसन्स धरलेला हात थरथरत होता. पोलिसाला संशय आला. तो वाकून आत बघायला गेला आणि खालांच्या डोक्याचं चुंबन घेऊनच बाहेर आला. त्याचं घर समोरच होतं.

फोन वाजला. "लेस्ली, कुठं हायस?"

"पोलिसाच्या आईकडे."

"काय केलंस तू?"

"गहवा पितोय."

ते पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. साहेब दारात गाडीच्या किल्ल्या वाजवत उभे होते. ग्लेनिसचा चेहरा उतरला होता.

"खाला, फार उशीर केलात. मी निघालो," साहेब अरबीत म्हणाले.

खालांनी त्यांना निरखलं. "कुणाचा तू?"

साहेबांनी आईचं नाव सांगितलं.

"हां. तू दोन दिवस उशिरा आलास. मी तुझ्या आईच्या उशाशी बसून होते. किल्ल्या नाही वाजवल्या."

साहेब किल्ल्या खिशात टाकून आत येऊन बसले. ग्लेनिसनं अर्ज पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, दोन जागांच्या चार केल्या आणि सही केली.

खालांनी कागद नीट पाहून घेतला आणि त्या उठल्या.

"आता मी भाषण करते," त्या म्हणाल्या.