तेरा किलोमीटर दक्षिणेला

घर बदलायच्या दिवशी, सरकारी कचेरीत नकाशे काढणाऱ्या नकाशेवाल्यांनी टेम्पोवाल्याला पत्ता दिलाच नाही. त्यांनी आपल्या वहीतून अक्षांश-रेखांश उतरवून दिले. "पत्त्यात घोळ होतो, आकड्यांत नाही," असं वर सुनावलं. त्यांच्या सासूबाई मात्र "माझं कपाट मी नजरेआड करायची नाही," म्हणत टेम्पोत पुढे चढून बसल्या.

दुपारी बाराला नवराबायको नव्या घरात उभे होते. टेम्पो नाही, कपाट नाही, सासूबाई नाहीत. साडेबाराला फोन आला.

"जावईबापू, जागा ऐसपैस आहे हो. पण इथे बदकं आहेत."

"बदकं?"

"शे-दीडशे असतील. एक माझ्या कपाटावर बसलंय."

मागून टेम्पोवाला ओरडला, "साहेब, बरोब्बर आकड्यावर उतरवलंय सामान! निघालो मी!"

नकाशेवाल्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहराच पडला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अगं, पृथ्वी धड गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. त्यामुळे ओळंब्यावरून मोजलेला अक्षांश वेगळा आणि पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेला वेगळा, जरा कमी. नकाशाच्या गणितात सोयीसाठी आम्ही हा दुसरा घेतो आणि शेवटी परत पहिल्यात आणतो."

"मग?"

"परत आणायचं राहिलं."

"म्हणजे आईला तुम्ही पृथ्वीच्या मध्यापासून मोजलंत?"

"तेराच किलोमीटरचा फरक आहे गं."

"गाडी काढा."

बदकांच्या वाड्यावर सासूबाई अंगणात स्वतःच्याच सोफ्यावर बसून मालकिणीशी गप्पा मारत होत्या. जावई दिसताच त्यांनी एक कागद पुढे केला. "हिच्या घराला सात वर्षं वीज मिळत नाही. का, तर सरकारी नकाशात हिचं घर तळ्याच्या मधोमध आहे!"

"कचेरीत म्हणतात, तळ्यात वीज देता येत नाही," बदकवाली म्हणाली.

नकाशेवाल्यांनी कागद पाहिला. घराची खूण तेरा किलोमीटर दक्षिणेला सरकली होती. कोपऱ्यात सही होती. सही त्यांचीच होती.

"दुरुस्ती करता येईल," ते पुटपुटले. "पण ज्याने चूक केली त्याची सही चालत नाही. त्याच्या वरच्या साहेबांची लागते."

"मग लावा त्यांना फोन," सासूबाई म्हणाल्या. "कोण आहेत ते?"

नकाशेवाल्यांनी कागद सोफ्याच्या हातावर ठेवला.

"मीच. हा नकाशा वेळेत पुरा केला म्हणून बढती मिळाली होती."

सासूबाईंनी पर्समधून पेन काढून त्यांच्या हातात दिलं.