छत्री, शिडी आणि चिमीचे लंगोट

ह्या खेपेला आपल्या वाड्यात पार्टी नावाचं जनावर शिरू द्यायचं नाही, असं पारूनं ओहळावरच्या धुण्याच्या दगडापाशी जाहीर करून टाकलं होतं. शिरलंच तर तंगडी मोडून परत पाठवायचं. "एक वाडा, एक व्हाळ, एक मत," ती म्हणाली आणि हातातला लंगोट असा काही पिळला, की तिच्या डोळ्यांपुढं कुणातरी पुढाऱ्याची मान आहे हे सगळ्या बायकांना कळून चुकलं.

पुढं जे झालं ते बघता, ह्या बोलण्याची कुणी आठवण करून दिलेली तिला आजही खपत नाही.

गुंद गावाच्या पलीकडे रानात त्यांचा अकरा घरांचा वाडा. वाडा आणि जग यांच्यामध्ये बारा हात रुंदीचा ओहळ. उन्हाळ्यात तो कोंबडीही ओलांडील, पण पावसाळ्यात असा फुगायचा की हत्तीनंसुद्धा काठावर बसून विचार करावा! आदल्या श्रावणात पारूला कळा सुरू झाल्या तेव्हा पलीकडे बैलगाडी जुंपून उभी होती, अलीकडे पारू उभी होती आणि मधून लालभडक पाणी चाललं होतं. शेवटी काठावरच्या मांगरात, शेताच्या त्या गळक्या खोपटात, चिमी जन्मली. खाली पेंढा, वर गळकं छप्पर. आणि छपरातलं पाणी पोरीवर पडू नये म्हणून सासू बायजा दोन्ही हात टेकून वर वाकून राहिलेली. सगळं पाणी तिनं पाठीवर घेतलं.

चिमी ठणठणीत निघाली. पण पारूचा राग काही उतरला नाही. दूध पिता पिता चिमी मधेच थांबून बोळकं पसरून हसली, की पारूला आधी माया दाटून यायची आणि तिच्या मागोमाग राग धावत यायचा. हिला काही झालं असतं तर? सुप्याला अख्खी नदी अडवायला सरकारला दगड मिळाले, सिमिट मिळालं, हजार माणसं मिळाली; आणि हिथं बारा हातांवर टाकायला चार ओंडके मिळू नयेत?

साकव, म्हणजे ओहळावरचा लाकडी पूल, कबूल कुणी केला नव्हता असं नाही. सगळ्यांनी केला होता. वाड्याची रीत अशी, की मतदानाआधी बाप्ये देवळापुढं बसत आणि गावकर, म्हणजे पारूचा सासरा भिकाजी, देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा. मग अकराच्या अकरा घरांची मतं एकाच खुणेवर जायची. बायकांना शिक्का कुठं मारायचा तेवढं घरी येऊन सांगत. एका खेपेला नारळ छत्रीवाल्यांच्या नावानं ठेवला, पुढच्या खेपेला शिडीवाल्यांच्या. दोन्ही खेपांना साकव आला नाही. आले ते झेंडे. गठ्ठेच्या गठ्ठे!

कापड मात्र चांगलं होतं. मऊ, पाणी शोषणारं. पारूनं त्याचे लंगोट शिवले. पार्टीनं आजवर केलेलं हे एवढंच काम चिमीच्या उपयोगी पडलं, असं ती येईल त्याला ऐकवायची.

मंडल पंचायतीची निवडणूक आली ती सत्त्याऐंशीच्या जानेवारीत. थंडी अशी की लंगोट दिवसभर वाळेनात. म्हणून पारूनं वाटेकडच्या दोन फणसांमध्ये दोरी बांधली आणि आठ लंगोट उन्हात टाकले. आठही छत्रीचे.

नेमका त्याच दिवशी रामनगरचा वासू सावकार छत्रीच्या प्रचाराला जीप घेऊन आला. भाताची गिरणी त्याची, खांद्यावर परीटघडीचं उपरणं, बोलणं असं की शब्दांना मुंग्या लागाव्यात. लांबूनच त्याला दोन फणसांमध्ये फडफडणाऱ्या आठ छत्र्या दिसल्या आणि त्याचा ऊर भरून आला. अजून गठ्ठा उतरवला नाही तोवर रानातल्या माणसांनी आपणहून झेंडे लावले! तो जीपमधून उतरला, दारात चिमीला घेऊन उभ्या असलेल्या पारूला त्यानं हात जोडले, तुमच्यासारख्यांच्या निष्ठेवरच पक्ष उभा आहे असं काहीबाही बोलला, आणि भरल्या डोळ्यांनी त्यानं एका झेंड्याचं टोक उचलून कपाळाला लावलं.

तो तसाच थांबला. मग त्यानं नाक वाकडं केलं. मग झेंडा उलटा करून बघितला.

"अक्का, हे काय हाय?"

"तुमची छत्री," पारू म्हणाली. "खालनं गळतीया."

सावकार आधी लाल झाला, मग जांभळा. त्यानं ओहळावर पळत जाऊन कपाळ तीनदा धुतलं. परत आला तो गरजतच आला. हा पक्षाचा अपमान आहे, केस होईल, जोयड्याहून पोलीस येतील. ड्रायव्हरला सांगून त्यानं आठही लंगोट दोरीवरून ओढून काढले. पारूच्या कडेवर चिमी उघडी, थंडीनं गुडघे पोटाशी घेतलेली. पारूच्या डोक्यात जे काही होतं ते सगळं एकदम पेटलं. साकवाचं काय, तिनं विचारलं. दोन निवडणुका झाल्या, साकव कुठाय?

आणि सावकार रागाच्या भरात खरं बोलून गेला.

"कशापायी बांधायचा साकव? तुमच्या सासऱ्याला देवळापुढं चहा पाजला की अकरा घरं मिळत्यात. आन न्हाई मिळाली तर ती सगळी शिडीवाल्यांकडं. तुमच्याकडं मागायला कुणाला यावं लागतंय, अक्का?"

पारू पुढं झाली, सावकाराच्या खांद्यावरचं उपरणं अलगद उचललं आणि चिमीला त्यात गच्च गुंडाळलं. "झेंडे पक्षाचे, न्या तुम्ही. पोरीला थंडी वाजतीया, हे ऱ्हाऊ दे."

जीप ओहळ ओलांडायच्या आत चिमीनं परीटघडीची घडी मोडली.

त्याच दुपारी धुण्याच्या दगडावर बायकांनी आपला नारळ ठेवला. वाड्याच्या इतिहासात असं झालं नव्हतं. साकव आधी, मत मागून. साकव नाही तर कुठल्याच खुणेला मत नाही! सुंदरीनं हात ठेवला, रुक्मानं ठेवला, सगळ्यात आधी बायजानं ठेवला. सुनेच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, माझी सून म्हणजे रानातली वाघीण. घरोघरच्या बाप्यांना भाकरीबरोबरच ही बातमी वाढण्यात आली. भिकाजी गावकरानं आपला नारळ देवळातून गुपचूप घरी आणला आणि शिंक्यात ठेवला. बायजानं तो दुसऱ्या दिवशी आमटीत घातला.

पार्टी नावाचं जनावर पळालं, असं पारूला वाटलं. ते जनावर वाटेत थांबून फक्त दम खात होतं.

तिसऱ्या दिवशी शिडीवाल्यांचा परशू कंत्राटदार आला. सावकाराच्या कपाळाची गोष्ट जोयड्यापर्यंत गेली होती, आणि परशूला ती इतकी आवडली होती की सांगताना त्याला उभं राहता येत नव्हतं. त्यानं चिमीसाठी शिडीच्या झेंड्यांचा नवा कोरा गठ्ठा आणला. आपल्या अंगणात लोखंडी पाइप पडलेत, फळ्या आहेत, मतदानाच्या आधी साकव उभा करतो म्हणाला. मग त्यानं खिशातून टेप काढली आणि अगदी साधा प्रश्न विचारला. साकव टाकायचा कुठं?

त्या प्रश्नानं घात केला.

"खाली, मांगराच्या पाणंदीला," पारू म्हणाली.

"वर, कातळाशी," बायजा त्याच दमात म्हणाली.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. पारूचं म्हणणं, कळा देणाऱ्या बाईनं पाव कोस चढ चढून कातळाकडं जायचं कसं? बायजाचं म्हणणं, खालचं पाणी सगळं ओढून नेतं. चाळीस पावसाळे तिनं बघितलेत. पारू म्हणाली, बाळंतपण माझं झालं मांगरात. बायजा म्हणाली, "तुझं एक झालंय गो, माझी सात झाल्यात." झालं! सुंदरी पारूच्या बाजूला सरकली, रुक्मा बायजाच्या. संध्याकाळपर्यंत धुण्याचा दगडसुद्धा वाटला गेला. अलीकडं खालच्या साकवाच्या बायका, पलीकडं वरच्या. परशू शिडीवाला पारूच्या बाजूनं म्हटल्यावर बायजानं वासू सावकाराला निरोप धाडला. तो चौथ्या दिवशी जंगल खात्याचा पास आणि चार सागवानी ओंडके घेऊन हजर! कपाळ पुसलेलं, राग विसरलेला, वर छत्रीचे नवे झेंडे.

घरात तर बघायलाच नको. सासूसुनेचं बोलणं बंद. जे सांगायचं ते चिमीच्या मार्फत. "चिमे, तुझ्या आयला सांग, मीठ जास्त झालंय." "चिमे, आज्जीला सांग, वरच्या साकवावरनं आणलेलं मीठ आसंल." पारू पोरीला शिडीचा लंगोट बांधायची, बायजा हातात घेताच तो सोडून छत्रीचा बांधायची. चिमी दिवसातून सहा वेळा पक्ष बदलायची आणि दोन्ही पक्षांवर सारख्याच मनानं मुतायची. मधल्यामधे पारूचा नवरा गुणा. सकाळी आईच्या ओंडक्यांना खांदा, दुपारी बायकोच्या पाइपांना. त्याला कुणाची बाजू विचारली, तर तो जेवणाची बाजू म्हणायचा.

एका दुपारी काम थांबवून त्यानं एवढंच विचारलं, "आमी नारळ ठेवून एक व्हतो तवा एक फळी मिळाली न्हाई. तुमी दोघी भांडाय लागल्यावर दोन साकव आलं. हे कसं?"

पारूनं त्याच्याकडं जळजळीत बघितलं. कारण उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते दगडावर आपटलेल्या तिच्या भाषणाच्या अगदी उलट होतं. ज्याला हरायची भीती तोच फळ्या आणतो. सावकारानं ते तिला तिच्याच दारात सांगितलं होतं.

मतदान झालं. मंडलात छत्री आली. पारू दोन दिवस जेवली नाही, चिमीला मात्र पोटभर पाजत राहिली.

मग आषाढ आला. तिसऱ्या दिवशी ओहळानं परशूचे पाइप अळवाच्या देठासारखे उपटून नेले, फळ्यांसकट. त्याच सकाळी चिमीचं अंग तापानं फणफणलं. नेहमी दिवसभर गुरगुरणारी पोर खांद्यावर मान टाकून पडली. पारू पाणंदीला धावली. समोर लालभडक पाणी, आणि जिथं तिचा साकव होता तिथं काही नाही. तेच पाणी. तीच पोर. मग ती वळली आणि चढ चढू लागली.

कातळाशी बायजा आधीच उभी होती. हातात इरलं. किती वेळ भिजत उभी होती कोण जाणे. पारू चार ओंडक्यांपुढं येऊन थांबली. पाऊल उचलेना. ह्याच ओंडक्यांविरुद्ध तिनं वाडाभर बोंब मारली होती.

"थांबलीस कशापायी?" बायजा म्हणाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, चिमीला मधे न घेता. "भांडण मताच्या दिवसापातूर. साकव काय एकट्या छत्रीचा हाय व्हय? टाक पाय."

तिनं इरलं चिमीवर धरलं, स्वतः भिजत. अगदी मांगरातल्यासारखं. दोघी ओंडक्यांवर चढल्या. खाली पाणी घोंघावत होतं, पण सागवान हललं नाही. पलीकडं पोचल्यावर पारूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आषाढ असल्यामुळं ते लपवायची गरज नव्हती. दवाखान्यात सुई टोचली, संध्याकाळी ताप उतरला. परत येताना चिमी आज्जीच्या खांद्यावरून ओहळाकडं बघून हसत होती.

पण साकवाच्या मधोमध पारू थांबली. डोळे पुसले, दोन्ही बाजूंना बघितलं.

"आत्ती, ह्याला कठडा न्हाई," ती म्हणाली. "उद्या पोरं चालाय लागल्यावर कुठं हात धरायचा? निवडून आलासा तर धड काम करा की."

बायजाचा चेहरा त्या दिवशीच्या सावकारासारखा लाल झाला. पण चौथ्या दिवशी साकवाला दोन्ही बाजूंनी बांबूचा कठडा होता, आणि गुणाच्या दोन्ही तळहातांना फोड.

पारू चिमीला कडेवर घेऊन मुद्दाम बघायला गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कठडा हलवत चालली. बायजा पलीकडं कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"डावीकडचा जरा सैल हाय," पारू म्हणाली.