पाच तासांवरचा मुलगा

टाइमकीपर चार वर्षं मुलाकडे गेला नव्हता. विमानात पंधरा-सोळा तास बसावं लागतं, असं मुलानंच एकदा सांगून ठेवलं होतं. गडी एकतीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहीत, खुर्चीवर बसूनच पगार खात आला. पण निवृत्त झाला आणि त्याच्या कंबरेला बसणं सोसेना. तिकडे नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि इकडे बायको फोनच्या काचेवरून तिचे गाल कुरवाळत बसली.

शेवटी मुलानं विचारणं सोडलं आणि सरळ तिकिटं पाठवली. टाइमकीपरनं चष्मा चढवला. सुटणार सकाळी दहा, पोचणार त्याच दिवशी दुपारी तीन.

"पाच तास," तो म्हणाला. "गाढवानं चार वर्षं बनवलं मला."

तिकडची घड्याळं साडेदहा तास मागे असतात, हे सुनेनं बायकोला केव्हाच समजावलं होतं. ती तोंड उघडणार होती. नातीचा फोटो दिसला आणि तिनं ते मिटलं. साडेबारा हजार किलोमीटर पाच तासांत कसे जातील, असं शेजारच्या मास्तरांनी विचारून पाहिलं. विमान आहे ते, तुमची सायकल नव्हे, एवढं ऐकून ते घरी गेले. मुलगा फोनवर काही सांगू लागला, तर वेळेचं मला शिकवू नकोस म्हणून बापानं फोन आपटला. बायकोनं लगोलग सुनेला निरोप धाडला: तुझ्या नवऱ्याला गप्प कर.

विमानात साडेचार तास झाले तसा हा उठला, बूट घातले, पिशवी खांद्याला मारली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. थांबा यायच्या आधी दारात हजर, ही डेपोची शिस्त. हवाई सुंदरीनं बसायला सांगितलं, मग तिच्या वरिष्ठानं सांगितलं. शेवटी दोघांनी मिळून त्याला पडद्यावरचा नकाशा दाखवला. अजून जवळजवळ नऊ हजार किलोमीटर बाकी होते.

तो परतला तेव्हा बायको मानेला उशी लावून, लोकरी मोजे चढवून, शब्दकोडं सोडवत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार वर्षं लांब आहे, लांब आहे, हेच ऐकलं. म्हटलं, एकदा जवळ असू दे."

उरलेले अकरा तास तो तिच्याशी बोलला नाही. तिची बरीच कोडी सुटली.

नातीनं पहिल्याच दिवशी त्याचा घोडा केला. दोन महिन्यांत घोडा असा काही रुळला की सकाळी पोरीच्या आधी उठून तयार. बायकोचे मात्र गुडघे थंडीनं आखडले, सून ओट्याला हात लावू देईना, आणि जिची उणीदुणी काढावीत अशी एक शेजारीण नाही. तिनं परतीचं तिकीट नवऱ्यापुढे ठेवलं.

त्यानं चष्मा चढवला. सुटणार शनिवारी रात्री दहा, पोचणार रविवारी रात्री साडेअकरा.

"साडेपंचवीस तास," तो म्हणाला. "एवढा वेळ माणूस बसतो होय? मी नाही येत."

मुलगा आणि सून ताटातून मान वर न करता जेवत राहिले.

"अहो, पंधराच तास आहेत. शपथ घेऊन सांगते."

"येताना गप्प बसलीस. आता शपथा घेतेस," टाइमकीपर म्हणाला. "म्हणजे यातही काहीतरी काळंबेरं असणार." आणि पाठीवरच्या नातीला सावरत तो रांगत पुढच्या खोलीत निघून गेला.