नणंद-भावजय एका चादरीस लागल्या त्या मोहिमेची हकीकत

पूर्वी, बाईसाहेब अजून दप्तर पाठीस लावोन शाळेस जात होत्या, ते समयी भाड्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोणी परमुलखातली बाई काम करता करता गात असे. शब्द उमगत नव्हते, तोंड कधी दृष्टीस पडले नाही, परंतु स्वर ऐसा की गृहपाठ राहोन जावा आणि मास्तरांची छडी खावी. मग एके सकाळी पलीकडली खोली रिकामी जाहली, आणि भांड्याकुंड्यांसंगे स्वरही टेंपोत चढोन गेला. ते शल्य काळजात धरोन बाईसाहेबांनी पुढे कॅमेरा नामे शस्त्र धारण केले, आणि पोटासाठी मुलूख सोडोन आलेल्या लोकांची गाणी, रुसवे, हसणीखिदळणी चित्रफितीत धरोन ठेवावी हाच धर्म पत्करिला. त्यांनी लाँड्रीची मोहीम कैसी मारली, त्याचे साद्यंत वर्तमान येथे लिहिले असे. ऐकणाराने तोंडातला घास गिळोन ऐकावे.

ऐसियास, लाँड्री म्हणजे मोठा मुलूख. हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरोन येत आणि यंत्रांच्या पोटात गडप होत, आणि वाफेचा ऐसा अंमल की छत आहे की नाही हे अंदाजानेच समजावे. तेथील बाया दूरदूरच्या गावांहून आलेल्या. त्यांचा रिवाज ऐसा की, चादरीची घडी दोघींनी घालावी. चादर झटकली की एकीने गाण्याची ओळ टाकावी, मग समोरासमोर चालोन यावे, आणि टोकास टोक भिडण्याआधी दुसरीने उत्तर जागच्या जागी रचोन द्यावे. न सुचल्यास घड्यांची चळत तिने एकटीने उचलोन नेणे. गाणी सारी एकमेकींस टोमण्यांची. त्यात माया असे, परंतु तळाशी, साबणासारखी. वर फेसच दिसे.

इतक्यात कचेरीतोन फर्मान सुटले की, येत्या सोमवारी घडी घालणारे यंत्र येत आहे. यंत्र चादर झकास दुमडते, परंतु भावजयीस टोमणा मारीत नाही. सोमवारनंतर गाणे कोठे उरणार, या धास्तीने बाईसाहेबांची झोप उडाली, आणि त्यांनी कॅमेरा, तिकाटणे आणि ध्वनिनवीस ऐशी तुटपुंजी फौज घेवोन लाँड्रीत छावणी दिली.

या विद्येत एक नणंद-भावजयीची जोडी नामांकित. बाकीच्या बायांचे गाणे म्हणजे पाणी घातलेली आमटी, ऐसे त्या बायाच म्हणत. परंतु ऐन वेळी दोघींचा अबोला! नणंदबाईंनी पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी भरसभेत जाहीर केले होते की, यंत्र आले म्हणजे आपण लेकीच्या शहरी कूच करणार. ते दिवसापासोन भावजयबाईंनी तोंडास कुलूप घातले आणि जोडीदारीण बदलली. कारण पुसता "काही नाही" इतकाच जबाब येई.

तेव्हा प्रथम रदबदलीची मसलत जाहली. वकील म्हणोन इस्त्रीवरचे दादा नेमिले. एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, तस्मात दोन्ही बाजूंनी भाजण्याचा सराव असलेले. बहिणीने निरोप दिला, "दादा, तुझ्या बायकोला विचार, तोंडाला काय झालंय तिच्या?" बायकोने निरोप दिला, "अहो, तुमच्या बहिणीला सांगा, तोंड माझं आहे, मी बंद ठेवीन नाहीतर विकीन." वकिलांनी दोन्ही निरोप मधल्या मध्ये गिळिले, आणि भांडण नको म्हणोन दोहीकडे "ती बरं म्हणाली" ऐसे कळविले. मग दोघीही दुसरी कधी येवोन बोलते याची वाट पाहत बसल्या, आणि कोणीच आले नाही, आणि अबोला पहिल्याहून पक्का जाहला.

मग बाईसाहेबांनी गनिमी कावा योजिला. दोघींस वेगवेगळे चित्रित करावे, आणि मागाहोन संकलनाच्या मेजावर टाके घालोन एक करावे. त्याप्रमाणे चादरीचे एक टोक नणंदबाईंच्या हाती दिले आणि दुसरे भिंतीवरच्या खुंटीस बांधिले. नणंदबाईंनी ओळ टाकिली, मोठ्या दिमाखाने पुढे चालल्या, आणि थांबल्या. खुंटी जागची हलली नव्हती. "अहो बाई," त्या बोलिल्या, "ही खुंटी आमच्या वहिनीसारखीच उभी आहे, ताठ. पण वहिनी निदान डोळे तरी वटारते. असल्या ठोंब्याला टोमणा मारून काय करू?" पलीकडे भावजयबाईंनी पाठ फिरविली, त्यांचे खांदे हलत होते, ते हसण्याने की रागाने, हे दुरोन कळो आले नाही. मोर्चा उठवावा लागला.

आता शनिवार उजाडला. बाईसाहेब इरेस पेटल्या. कॅमेरा तिकाटण्यावर चालता ठेविला, ध्वनिनवीसास हुशार राहण्याची ताकीद दिली, आणि दस्तुरखुद्द चादरीचे दुसरे टोक धरिले. नणंदबाईंनी चादर झटकली. बाईसाहेबांनी उजवा हात डाव्यावरोन घेतला, की डावा उजव्यावरोन, हे त्यांसही सांगता येईना. चादरीस दोरखंडासारखा पीळ पडला, आणि एक कोपरा थेट जमिनीस लागला. धुतली चादर जमिनीस! साऱ्या लाँड्रीत हाहाकार उडाला. बाईसाहेबांनी घाबरोन ती उचलली, तो दुसरा कोपरा लागला.

हे भावजयबाईंस पाहवले नाही. हातची चळत टाकोन त्या धावोन आल्या.

"सोडा हो, सोडा! चादर आहे की ओला पोछा? कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणीच नाही," बाईसाहेब बोलिल्या.

"दिसतंयच."

ऐसे म्हणोन त्यांनी मळली चादर बाजूस फेकिली, नवी ओढिली आणि सवयीने झटकली. दुसरे टोक उडोन नणंदबाईंच्या हाती गेले, तेव्हा कोठे आपण कोणासमोर उभ्या आहो हे भावजयबाईंच्या ध्यानी आले. परंतु झटकली चादर सोडिली तर जमिनीस लागते, आणि चादर जमिनीस लावील ती भावजयबाई नव्हे. नणंदबाईंनी संधी साधोन ओळ टाकिली:

पांढरी गं चादर, तिला सुरकुती सोसेना,
माझ्या वहिनीचा रुसवा साऱ्या लाँड्रीत बसेना.

भावजयबाईंनी टोके ताणिली. मग पावले जवळ आली, आणि टोके भिडण्याच्या अलीकडे जबाब आला, तोफेच्या गोळ्यासारखा:

चादरीची चार टोकं, दोन वन्संच्या हातात,
सांगितलं साऱ्या जगा, माझी गणती कशात?

बायांनी हातच्या घड्या अर्ध्यावर सोडिल्या. इस्त्रीवरचे दादा ऐकत राहिले, आणि कोणाच्या तरी उशीची खोळ करपली. पुन्हा चादर झटकली. नणंदबाईंचा स्वर आता खालच्या पट्टीत:

जगाला सांगणं सोपं, जग ऐकून विसरे,
वहिनीला सांगू कशी, डोळा पाण्यानं गं भरे.

दोघी चालोन आल्या. टोकास टोक भिडले. उत्तर आले नाही.

येणेप्रमाणे गाणे, वाफ, यंत्रांची घरघर आणि करपल्या खोळीसहित चित्रफितीत दाखल जाहले. सोमवारी यंत्र येणार ते येणारच, परंतु त्याआधी बाईसाहेबांनी लाँड्रीचा मुलूख सर केला, फौजेतील कोणी जाया झाले नाही, एक चादर मात्र फिरोन धुवावी लागली. मोहीम फत्ते जाहली. ध्वनिनवीसाने अंगठा वर करोन सलामी दिली.

"हरलीस, वहिनी," नणंदबाई बोलिल्या, "उचल चळत."

भावजयबाईंनी टोके सोडिली नाहीत. टोकांखाली नणंदेची बोटे होती, तीही सोडिली नाहीत.

"उचलते," त्या म्हणाल्या, गाण्यात नव्हे, साध्या बोलण्यात. "पण वन्सं, तुम्ही जाऊ नका."